बंद झालं म्हणजे बोगसच होतं का?

गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गटात तो चार वेळा आला, भाचीच्या सोसायटीच्या गटात आला, परवा किराणा दुकानदाराने मोबाइल पुढे धरून वाचायला लावला. आशय असा: लाडकी बहीण आणि निराधार योजनेतून लाखो नावं गळाली, ती सगळी बोगस होती. केवायसी दोन मिनिटांचं काम, तेवढंही ज्याला जमत नाही त्याला पैशांची गरज नसणार. आधारने चोर बरोबर पकडले. आणि या फुकटच्या पैशांमुळेच शेतात मजूर मिळेनासे झालेत.

मी नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. निवृत्त झाल्यापासून मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसते. ज्यांचे पैसे थांबलेत त्यांची पासबुकं पाहते, अर्ज लिहून देते. हा संदेश ज्यांच्याबद्दल आहे त्या बायका माझ्यासमोर पिशवी उघडून बसलेल्या असतात. म्हणून तो वाचून पुढे ढकलणं मला जमत नाही.

एक आधीच सांगते. तपासणीला माझा विरोध नाही. सरकारी पैसा आहे, योजनेत चुकीची नावं शिरतात, ती निघालीच पाहिजेत. नियम बदलायचा अधिकारही सरकारला आहे. माझं भांडण आहे ते नाव निघालं की त्या माणसाला चोर ठरवण्याशी.

तर पहिला मुद्दा, गळालेली सगळी नावं बोगस होती हा. यासाठी सरकारनेच दिलेले आकडे पुरेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी लाडकी बहीण योजनेतून पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं आणि फोडही दिली. २ लाख ३० हजार महिला संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. १ लाख १० हजार ६५ वर्षांच्या पुढच्या होत्या. उरलेल्या १ लाख ६० हजारांत घरी चारचाकी असलेल्या, नमोशक्ती योजनेच्या लाभार्थी आणि आपणहून नाव मागे घेतलेल्या अशा सगळ्या एकत्र धरल्या होत्या. म्हणजे पाचातल्या जवळजवळ साडेतीन लाख बायका एकतर निराधार किंवा म्हाताऱ्या. निराधारचे १५०० रुपये मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे १५०० मिळणार नाहीत, असा नियम आहे. नियम म्हणून तो मान्य. पण निराधार असणं हाच ज्या बाईचा अपात्रतेचा पुरावा, तिला बोगस म्हणायला जीभ कशी रेटते? या महिलांना आधी दिलेले पैसे परत मागणार नाही, असं सरकारनेही तेव्हाच सांगितलं होतं. चोरांशी कोणी असं वागत नाही.

दुसरा आकडा जुलै २०२५ चा, संदेशात तोच वापरलाय: २६ लाख ३४ हजार. त्या वेळच्या निवेदनातले शब्द होते की या अर्जदारांचा लाभ जून महिन्यापासून तात्पुरता स्थगित केला आहे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होईल आणि पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल. स्थगित म्हणजे थांबवलेला. चौकशी व्हायची होती. आपल्याकडे संदेश फिरता फिरता चौकशी गळाली आणि शिक्षा तेवढी राहिली. पुरुषांनी बायकांच्या नावाने पैसे घेतल्याची बातमी खूप गाजली, गाजायलाच हवी होती. तो आकडा १४ हजार २९८ होता. २६ लाखांशी ताडून बघा, दोनशेत एकाच्या आसपास येतो. त्या एकासाठी उरलेल्या १९९ जणींना एकाच माळेत ओवायचं का?

आणखी एक गोष्ट सगळे विसरलेत. २८ जून २०२४ ला योजनेचा निर्णय निघाला तेव्हा सुरुवातीच्या अटी कडक होत्या. आठवडाभरात त्या सैल झाल्या. वयाची मर्यादा ६० वरून ६५ वर गेली, पाच एकर जमिनीची अट निघाली, उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड चालेल असं ठरलं. अर्ज भरून घेणाऱ्या अंगणवाडी सेविकांना अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले. या, भरा, राहिली तर मुदत वाढवू, असं वातावरण होतं. बायका आल्या, सांगितलं तिथे सही केली. त्यांनी काही लपवलं असं म्हणणाऱ्यांनी ते अर्ज कोणी, कुठे, किती घाईत भरले ते आठवावं. आमच्या आळीत तर रात्री दहा वाजता देवळाच्या ओट्यावर विजेरी धरून अर्ज भरलेले मी पाहिलेत.

आता ते दोन मिनिटांचं काम. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण माझे सगळे सोमवार यातच जातात.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. दोन महिन्यांची मुदत, म्हणजे १८ नोव्हेंबरपर्यंत, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. संकेतस्थळावर बाईचा आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो तो भरायचा. पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही भरायचा. शहरात, घरात चार फोन असलेल्या कुटुंबात हे खरंच दोन मिनिटांत होतं. मी माझ्या भाचीच्या कामवालीचं तसं केलंय.

आमच्याकडे काय होतं ते ऐका. आधार काढताना जो नंबर दिला तो दहा वर्षांपूर्वीचा, दिराचा किंवा शेजाऱ्याचा. सिम केव्हाच बंद. नंबर बदलायचा तर आधार केंद्र गाठायचं, तिथे रांग. नवरा वारलेला, वडील वारलेले, तर दुसरा ओटीपी आणायचा कुणाचा? त्यावर नंतर तोड निघाली. मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. बरं झालं. पण नवऱ्याने टाकलेली, कोर्टाची पायरी कधी न चढलेली बाई कोणता कागद देणार? अशा बायका प्रत्येक गावात आहेत. कागदावर त्या लग्नाच्या आहेत, घरात एकट्या आहेत, आणि ज्याचा ओटीपी हवा तो माणूस पुण्यात की सुरतेत हेही त्यांना ठाऊक नसतं.

तारखाही बघा. १ नोव्हेंबर २०२५ ला उसाचा गाळप हंगाम सुरू झाला. दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्याआधी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं वाहून गेली, घरांत पाणी शिरलं, कागद भिजले. म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांत केवायसी करायची होती त्यात आधी पूर, मग आगाऊ उचल घेऊन उसाच्या फडावर रवानगी. पहाटे चारला कोयता हातात घेणाऱ्या बाईने ओटीपीसाठी रेंज शोधत बांधावर उभं राहायचं, तेही मुकादमाची बोलणी खात. तिला गरज नव्हती म्हणून तिने केलं नाही, असं सांगणाऱ्याने एक दिवस मोळ्या बांधून बघाव्यात.

आणि तो प्रश्न. केवायसीच्या शेवटी एक घोषणा होती. कुटुंबातलं कोणी सरकारी सेवेत कायम कर्मचारी नाही किंवा निवृत्तीवेतन घेत नाही, अशा अर्थाचं वाक्य, आणि पुढे होय, नाही. वाक्य नकारार्थी आहे. घरात सरकारी नोकर नसेल तर ‘होय’ दाबायचं. आता खेड्यातल्या बाईला केंद्रचालक विचारतो, "मावशी, घरात कोणी सरकारी नोकरीला हाय का?" मावशी म्हणते, "नाही बाबा, कुठली नोकरी." तो ‘नाही’ दाबतो. झालं. त्या एका बोटाने मावशी सरकारी नोकराच्या घरातली ठरली. ही माझ्या गावापुरती गंमत असती तर सोडून दिलं असतं, पण चुकीचा पर्याय निवडला गेल्याच्या तक्रारी एवढ्या आल्या की अंगणवाडी सेविकांमार्फत घरोघरी प्रत्यक्ष पडताळणी करायचं खुद्द सरकारला ठरवावं लागलं. बँकेत आम्ही फॉर्म बदलायचो तेव्हा आधी आठ-दहा खातेदारांकडून भरून घ्यायचो, कुठे अडतात ते बघायचो. इथे कोट्यवधी बायकांसमोर ते वाक्य ठेवण्याआधी दहा जणींना वाचायला दिलं असतं तरी कळलं असतं.

केवायसी न झालेल्यांना लबाड म्हणताना यातलं किती आपल्या लक्षात असतं?

आधारने चोर पकडले, हा पुढचा दावा. आधारमुळे एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडतात, मधले हात कमी होतात, हे मी मानते. काउंटरवर मधले हात मी पुष्कळ पाहिलेत. पण आधार जुळलं नाही म्हणजे माणूस खोटा, हे त्यातून निघत नाही.

गेल्या महिन्यात एक आजी आल्या. वय सत्तरीपुढे, श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा पगार. आमच्याकडे या पैशाला पगारच म्हणतात. "बाई, माझा पगार का हो बंद केला?" असंच त्या विचारतात. ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लागत नव्हता. मी सोबत गेले. यंत्राच्या काचेवर त्यांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराने पुसून पुन्हा ठेवला, लाल. केंद्रावरच्या मुलाने साबणाने हात धुऊन यायला सांगितलं, मग बोटाला व्हॅसलीन लावलं. दहाच्या दहा बोटं करून झाली. मी त्यांचा हात हातात घेऊन उजेडात पाहिला. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. उभं आयुष्य खुरपणी, राखेने भांडी घासणं, वीटभट्टीवरचं काम. कातडी गुळगुळीत होऊन गेलेली. कष्टाने बोटं झिजली म्हणून ओळख पटली नाही, आणि आपण गटात लिहितो की फुकटं खायची सवय लागलीय.

अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं नाही असंही नाही. आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलंय की ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा मार्ग देऊन लाभ द्यावा. आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून बजावलं की ठसा जुळला नाही या कारणाने कुणाचा लाभ नाकारू नये. गल्लीतल्या केंद्रापर्यंत ते पोचलं नाही, एवढंच.

झारखंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात रेशनकार्डं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि बोगस कार्डं पकडल्याचा तेव्हाही गाजावाजा झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा जिल्ह्यांतल्या रद्द झालेल्या कार्डांचा नमुना घेऊन घरं शोधली. दहातली जवळजवळ नऊ कार्डं खऱ्या, हयात, तिथेच राहणाऱ्या कुटुंबांची निघाली. हरियाणात रोहतक जिल्ह्यातल्या शंभरी ओलांडलेल्या एका आजोबांची पेन्शन २०२२ मध्ये बंद झाली, कारण नोंदीत ते मृत होते. त्यांनी नोटांचा हार घालून, बँडबाजा लावून रथातून वरात काढली, मग पेन्शन सुरू झाली. ती चित्रफीत लोकांनी हसत हसत पुढे पाठवली. मला मात्र वाटत राहिलं की ज्याच्याकडे रथाचे पैसे नाहीत, तो जिवंत असल्याचं कसं सिद्ध करत असेल.

बँकेच्या बाजूचंही एक सांगते, कारण ते फारसं कुणाला माहीत नसतं. थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार शेवटचं ज्या खात्याला लाभासाठी जोडलं गेलं, तिथे जातात. निराधार आणि श्रावणबाळचं अनुदान पूर्वी तहसीलकडून याद्यांनिशी बँकेत यायचं, २०२४ च्या अखेरीपासून ते थेट आधारच्या खात्यावर वळवलं गेलं. त्यानंतर माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं एकाच तऱ्हेची: पैसे येतायत, पण भलत्याच खात्यात. बचत गटाच्या कर्जासाठी उघडलेलं खातं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं खातं. २०१७ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत असंच झालं होतं. ३१ लाखांवर ग्राहकांचं गॅसचं सुमारे १९० कोटींचं अनुदान त्यांच्या नकळत नव्या खात्यांत वळलं होतं. तेव्हा "पैसे आले नाहीत" म्हणणारी बाई खोटं बोलत नसते आणि "आम्ही पाठवले" म्हणणारा कारकूनही खोटं बोलत नसतो. मध्ये कुणीतरी बसून पासबुक बघावं लागतं. ती खुर्चीच कुठे नाही.

मजुरांच्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. महिन्याचे १५०० म्हणजे दिवसाचे ५० रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती, म्हणजे महिन्याचा सगळा लाभ पाच दिवसांच्या मजुरीएवढाही नाही. पाच दिवसांच्या पैशांवर तीस दिवस घरी बसणारी बाई मला अजून भेटायचीय. श्रावणबाळची माणसं ६५ च्या पुढची, निराधारमध्ये दिव्यांग, विधवा, दुर्धर आजाराने खाटेला खिळलेले, त्यांनी कुणाच्या रानात जायचं? अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख मदत योजनांचे प्रयोग एकत्र तपासले होते, पैसे मिळाल्याने लोक काम सोडतात असं त्यांना दिसलं नाही. मजूर कमी झालेत हे खरं आहे. त्याची कारणं गावातला शेतकरी तुम्हाला नीट सांगेल, पोरं शहरात गेलीत हे पहिलं.

निराधारची उत्पन्नमर्यादाही माहीत असू द्या. दिव्यांग सोडले तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजार. महिन्याला १७५०. यापेक्षा एक रुपया जास्त दाखवला की अपात्र. एवढ्या गरीब माणसालाच आत घ्यायचं असं ज्या योजनेनं ठरवलंय, तिच्यात मौज करायला कोण शिरतं? आणि केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला ६० ते ७९ वयाचा वाटा महिन्याला २०० रुपये, कित्येक वर्षं तेवढाच आहे. बाकीचं राज्य घालतं म्हणून १५०० दिसतात.

"गरज असेल तर धावत येतील." हे वाक्य मला सगळ्यात जास्त बोचतं. धावत येण्यालाही पैसे लागतात. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, ७५ पुढच्यांना मोफत आहे, त्याचा खरंच आधार झाला. पण वाडीवरून फाट्यापर्यंत एसटी नाही. एक दिवसाचा रोज बुडतो. झेरॉक्स, केंद्राचे पैसे, दुपारचा चहा. कचेरीत सांगतात साहेब मीटिंगला गेलेत, गुरुवारी या. चार चकरांत महिन्याच्या लाभातले बरेचसे पैसे संपतात, आणि खरी गरजवंत तीच आधी चकरा सोडते. जिच्या घरी मोटरसायकल आणि शिकलेला मुलगा आहे ती टिकते. अशी चाळणी लावली की नेमकं नको ते खाली पडतं.

मग बदल करायचेच नाहीत का? करायचे, पण लाभ थांबवण्याआधी बाईला कळवायचं. कारण लिहून द्यायचं, तिला कळेल अशा मराठीत, आणि ते घरी पोचवायचं, संकेतस्थळावर ‘अपात्र’ एवढंच दाखवून भागायचं नाही. उत्तर द्यायला महिना-दोन महिने, तोवर पैसे चालू. चूक सरकारची निघाली तर मधल्या महिन्यांची थकबाकी आपोआप. अंगठा न लागणाऱ्यांसाठी आणि फडावर गेलेल्यांसाठी कर्मचारी त्यांच्यापर्यंत जाणार. आणि प्रत्येक तहसीलात आधार, बँक, योजना ही तिन्ही दालनं एका टेबलावर आणणारा एक माणूस. अंगणवाडी सेविकांवर हेही लादू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच पोषण आहारापासून लसीकरणापर्यंत सगळं आहे. हे महागडं नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या हजारो पालकांना अशाच सरसकट संशयातून फसवे ठरवून वसुली लावली गेली, कुटुंबं देशोधडीला लागली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. तिथेही आधी लोक असंच म्हणत असणार, खऱ्याला भीती कसली.

ज्यांच्या घरात, वाड्यात, कामावर अशी कोणी बाई असेल त्यांनी संदेश पुढे पाठवण्याऐवजी एवढं करा. तिचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’मध्ये बघा, ओटीपीसाठी तिचा नंबर चालू नसेल तर तिच्या बँकेच्या शाखेत विचारा. त्या खात्याचं पासबुक भरून घ्या, खातं निष्क्रिय असेल तर बँकेची केवायसी आधी करा. तरी पैसे नसतील तर लेखी अर्ज द्या, कारण लेखी मागा. तोंडी सांगून परतू नका, पोच घ्या, तारखेसह शिक्क्यासह. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहितीचा अर्ज आहेच.

त्या आजींचा अर्ज मी दिलाय. पोच माझ्या पिशवीत आहे, कारण त्यांच्या घराचं छप्पर गळतं आणि कागद भिजतो. सोमवारी पुन्हा जायचंय. त्यांना चालवत नाही, मीच जाईन.